काळी वायर

मंगळवारी संध्याकाळी अंबरीशने अंगणात उभं राहून गाडीची किल्ली मागितली, तेव्हाच मी ओळखलं की हा आता ऐकायचा नाही.

"आई, रविवारी अकरा वाजता पेणहून एक जण येतोय गाडी बघायला. घेतो म्हणालाय. संपला विषय."

"संपला कसा? गाडी तुझी आहे की आमची?"

"तुमची आहे म्हणूनच सांगतोय." पोराने किल्लीसाठी हात पुढेच धरला होता. "मी तुमच्या मागून येत होतो ना! निडीच्या जवळ तुमचे मागचे लाल दिवे फडफडले आणि गेले. एवढी मोठी गाडी, पण दिसेचना. तेवढ्यात आपल्या दोघांच्या मध्ये घुसलेल्या ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलात. नसता मारला तर?"

पेणहूनच येत होतो आम्ही, हिरामणच्या गॅरेजमधून, आणि तेही हेच दिवे दुरुस्त करून! तिसऱ्यांदा. किल्ली मात्र मी दिली नाही. रविवारचं रविवारी बघू म्हटलं आणि आत निघून गेले.

ही गाडी म्हणजे मोटरहोम. पुढे टेम्पोसारखी केबिन, मागे फायबरचा डबा, डब्यात पलंग, ओटा आणि संडास. पुण्याच्या एकाने हौसेने बांधलेली, मार्चमध्ये आम्ही त्याच्याकडून घेतली. रोह्यात सगळे हसले. सुहासिनीबाईंना म्हातारपणी खूळ लागलं, असंही माझ्या कानावर आलं. लागू दे. मला तो संडास हवा होता.

का ते सांगते, त्यात लाज कसली? आमच्या ह्यांना दर चाळीस मिनिटांनी जावं लागतं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, फरक शून्य. तीन वर्षं हा माणूस घराबाहेर पडला नव्हता. सख्ख्या भाचीचं, अनन्याचं लग्न अलिबागला. हे "मला बरं नाही" म्हणून घरी बसले. तेव्हापासून वन्संचा फोन आला की हे नेमके आंघोळीला जायचे, बहिणीशी बोलायचं तोंडच उरलं नव्हतं ना! नोकरीत असताना ज्याने मोटरसायकलवरून सगळा जिल्हा पालथा घातला, तो दामोदर ओटीवर खुर्ची टाकून येणारीजाणारी माणसं बघत बसायचा. मला ते बघवायचं नाही.

गाडी आली आणि माणूस बदलला. मार्चपासून अकरा वेळा बाहेर पडलो आम्ही. गाडी हेच चालवतात, आणि शीळ घालत चालवतात. ती शीळ मी लग्नानंतर पहिल्या वर्षी ऐकली होती, त्यानंतर आत्ताच.

बुधवारी सकाळी बघते तर ह्यांनी ओटीवर परत ती खुर्ची आणून ठेवलेली. माझं डोकंच फिरलं. राग काढायला हिरामण सापडला, त्याला फोन लावला.

"काय रे, तीनदा गाडी ठेवून घेतलीस, केलंस काय नक्की?"

"बाई, माझ्यावर कशाला डाफरता? बल्ब नवे टाकले, स्विच नवा टाकला, रिले नवा टाकला. आता काय उरलंच नाय. गाडीला कुणाची तरी नजर लागली हाय. एक नारळ फोडा."

"अरे, दर खेपेला फोडतेच आहे मी नारळ!" असं ओरडून मी फोन बंद केला.

दोन दिवस नुसती धुसफुसत होते. शुक्रवारी सकाळी भांडी घासताना एकदम वाटलं, अगं बाई, एकतीस वर्षं तू पोरांना विज्ञान शिकवलंस ना? विजेचा धडा तर मला तोंडपाठ. फळ्यावर बॅटरी-स्विच-बल्ब हजारदा काढला असेल. पण घरातला फ्यूज उडाला की शेजारच्या जनूला हाक मारणारी बाई मी! हात तसेच पदराला पुसले आणि कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर गाडी काढायला घेतली.

बॅटरी, रिले, स्विच, बल्ब. हिरामणने जे जे बदललं त्यावर खूण करत गेले. सगळ्या खुणा जाण्याच्या वाटेवर. पोरांना मी घसा फोडून सांगायचे की वीज बल्बपर्यंत पोचून भागत नाही, तिला बॅटरीकडे परतही यावं लागतं. परतीच्या वाटेकडे कुणी बघितलंच नव्हतं! एरवी गाडीत वीज लोखंडी सांगाड्यातून परतते, पण फायबरमधून तर ती जाणार नाही. म्हणजे डब्याच्या सगळ्या दिव्यांची वीज कुठल्या तरी एका वायरवरून परत येत असणार.

"अहो, उठा त्या खुर्चीतून. गाडीत बसा, दिवे लावा आणि ब्रेक दाबा."

ह्यांनी ब्रेक दाबला. मागचे दिवे आणखी लाल व्हायचे सोडून मंद झाले. इंडिकेटर लावायला सांगितला, तर त्याच्याबरोबर टपावरच्या दिव्यांची रांगच्या रांग उघडझाप करायला लागली. परत जायला वाट मिळेना म्हणून एकाची वीज शेजाऱ्याच्या घरात शिरत होती. मला हसूच आलं. आठवीच्या वर्गात हे दाखवायला मिळालं असतं तर!

माळ्यावरून गणपतीच्या आराशीची लांब वायर काढली. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला बांधलं, दुसरं मागच्या दिव्याच्या काळ्या वायरला टेकवलं.

"दाबा!"

लख्ख! मागचे, टपावरचे, सगळे दिवे एकदम, आणि जराही न हलता.

"अगं, शॉक बसला का? केवढ्याने ओरडलीस!" हे धावत मागे आले.

"सापडलं!" मी म्हटलं. "काळी वायर कुठे तुटली ते बघायचं फक्त."

त्या वायरीच्या मागे मागे मी गाडीच्या तोंडापर्यंत गेले. मग गोणपाट अंथरलं आणि सरळ गाडीखाली शिरले. वय त्रेसष्ट, साडीवर ह्यांचा जुना शर्ट! गाडी ओढून न्यायच्या पुढच्या लोखंडी हुकाच्या शेजारी एका बोल्टने ती वायर सांगाड्याला आवळलेली होती. बोल्ट कसला, हिरव्यापांढऱ्या क्षाराचा गोळा झाला होता. बोट लावलं तर वायर लटलट हलली. आणि त्या क्षारात नारळाच्या शेंडीचा एक धागा चिकटलेला.

तो धागा मी चिमटीत धरून बघितला. निघताना नारळ हवाच, हा हट्ट माझा. विज्ञानाची बाई म्हणून मिरवणारी मी, पण ह्यांना तीन वर्षांनी बाहेर नेताना देवाला विसरायची हिंमत झाली नव्हती. आणि गेटसमोरचे नवे पेव्हर ब्लॉक चिकट होतात म्हणून "पुढच्या हुकावरच फोडा" हेही माझंच फर्मान. हे काय, हौशी माणूस, दणकन फोडायचे. अकरा नारळांचं पाणी त्या एका बोल्टवर गेलं होतं. वर मी बोलत कुणाला होते? हिरामणला!

"काय गं, काय सापडलं?" ह्यांनी वाकून विचारलं.

"काही नाही. गाढव सापडलं. गाडीखालीच आहे."

मग बॅटरीची वायर सोडून ठेवली. दुकानातून थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायचं तांब्याचं नवं कडं, आणलं, वायरीचं कुजलेलं टोक कापून ते बसवलं. पॉलिश पेपरने घासून घासून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट पान्ह्याने आवळला आणि वरून ग्रीस थापलं. नखं काळी झाली. ती बघून मला इतका आनंद झाला की मी दिवसभर हात धुतले नाहीत म्हटलं तरी चालेल.

शनिवारी संध्याकाळी अंबरीश गाडीतलं सामान उतरवायला आला.

"सामान राहू दे. दिवे झाले," मी म्हटलं.

"कुणी केले?"

"मी."

"आणि बिघडले कशाने?"

महामार्गाच्या खड्ड्यांवर ढकलता आलं असतं, कुणी नाही म्हटलं नसतं. पण मी सगळं सांगितलं, अकराही नारळ. तो मटकन त्या खुर्चीत बसला आणि हसत सुटला. हसता हसता डोळे पुसले त्याने. मग उठला.

"वडखळपर्यंत जाऊ. मी मागे राहीन. दिवे एकदा जरी फडफडले ना आई, उद्या गाडी गेली."

"कबूल."

सवयीने हे नारळ घेऊन गाडीपुढे उभे राहिले. मी किंचाळलेच, "तिथे नको! पायरीवर!" पायरीवर फुटला. पाणी पेव्हर ब्लॉकवर गेलं, जाऊ दे.

अंधारून येत होतं. निडी येईपर्यंत ह्यांची शीळ ऐकू आली नाही. खड्डा आला की माझा जीव वर यायचा. दिवे फडफडले की अंबरीश फोन करणार, म्हणून फोन मांडीवर ठेवला होता, तो वाजला नाही. नागोठणं गेलं, महामार्ग लागला, तरी वाजला नाही. वडखळला ह्यांनी गाडी कडेला घेतली. आरशात बघते तर अंबरीश फोनवर बोलत चालत येतोय.

"...हो, उद्या येऊ नका तुम्ही. नाही, दुसऱ्या कुणाला नाही दिली. विकायचीच नाहीये."

माझा जीव भांड्यात पडला. अंबरीश ह्यांच्या खिडकीशी आला. "दगडासारखे स्थिर होते, बाबा." मग म्हणाला, "अलिबागचा रस्ता इथूनच फुटतो. तासाभरात आत्याकडे. जायचं?"

मी हळूच विचारलं, "वन्संना फोन करू?"

"नको." पट्टा सोडला त्यांनी. "सरळ दारात जाऊन उभा राहतो. चार शिव्या घालेल, घालू दे." मग दार उघडून खाली उतरले. "दोन मिनिटं थांबा रे."

मागे डब्यात पाणी सोडल्याचा आवाज आला. ऐटीत परत आले, पट्टा लावला, इंडिकेटर दिला, आणि तीन वर्षं बहिणीचं तोंड चुकवणारा माझा नवरा शीळ घालत अलिबागच्या रस्त्याला वळला.