खिडकीतले दोन गोटीराम

“टेप सोडा आदी,” म्हातारी म्हणाली. टेपचं दुसरं टोक तिने पायाखाली दाबून धरलं होतं. “कोनच्या हापिसातून आलाव?”

“हापिसातून नाही हो. मी... मी वाशीला राहतो.”

“हापिस वाशीलाच हाय. शेतां घेतली, खाडीची खार घेतली. आता भिंती मोजताव?”

१९८४चा हिवाळा होता. नव्या शहरासाठी सरकार गावागावांच्या जमिनी घेत होतं. टेप आणि काळी बॅग घेऊन आलेला माणूस जमीन मोजायलाच येतो, हे तेव्हा बोनकोडे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. मी नेमका टेप आणि काळी बॅग घेऊन गेलो होतो. माझं असंच होतं. पुस्तकात वाचलेलं सगळं आठवतं आणि समोरचं दिसत नाही.

मी महाप्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट होतो. रविवारचा उद्योग वेगळा. मुंबईच्या जुन्या बाजारातून बुरशी धरलेली लेन्स आणायची, ती उघडून माझ्या बायकोच्या, वैजयंतीच्या, जुन्या मलमलीच्या तुकड्याने एकेक काच पुसायची, पुन्हा बसवायची आणि खाडीच्या बांधाने चालत जाऊन बरी झाली का ते पाहायचं. त्यासाठी सरळ ओळी लागतात. म्हातारीच्या घराच्या एका भिंतीच्या विटा उघड्या होत्या. टेपने अंतर मोजायचं, लेन्सवर तोच आकडा येतो का बघायचं, एवढंच माझं काम होतं.

“लोकांकडे बायकापोरांचे अल्बम असतात,” वैजयंती पाहुण्यांना सांगायची, “आमच्याकडे भिंतींचे आहेत.” खोटं नव्हतं ते. माणसाला ‘जरा इकडे बघा’ म्हणणं मला कधी जमलं नाही.

म्हातारीला बोलून पटेना, तेव्हा मी कॅमेराच तिच्या हातात दिला. या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही. वर एक वेगळी छोटी खिडकी असते. तिच्यात समोरची वस्तू दोन-दोन दिसते. लेन्सची कडी फिरवत दोन्ही एकावर एक आणायच्या, की फोकस झाला. म्हातारीने कॅमेरा ओट्याकडे वळवला. तिथे तिचा नवरा गोटीराम जाळं दुरुस्त करत बसला होता.

“अगो बाय! दोन दोन म्हातारं!” ती ओरडली. “एक सांबालता सांबालता जलम गेला!”

“दुसरा कामाचा असंल, ठेव त्याला,” गोटीराम मान वर न करता म्हणाला.

टेपवरचा पाय निघाला.

मग मी रविवारी तिथेच जाऊ लागलो. म्हातारी, म्हणजे गोजराबाई, कोरा चहा द्यायच्या. एकदा कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “भाऊ, आमचा पोरगा वामन घर पाडतंय. बिल्डिंग बांदनार. त्याच्या आदी यांचा फोटो काडा, या ओट्यावर. यांचा एक फोटो नाय घरात.”

“मना नको,” गोटीराम म्हणाले. “मेल्यावर लावतान फोटो.”

“मेल्यावर काडनार कोन?”

मी म्हटलं, “मी भिंतींचेच काढतो हो. माणसांचे जमत नाहीत.”

“मंग यांना भिंत समजा,” गोजराबाई म्हणाल्या. “तेवडंच बोलतान.”

सोमवारी मजूर येणार होते. आदल्या दिवशी मी माझी सगळ्यात स्वच्छ लेन्स लावून गेलो. तरी धीर होईना. ती नीट बसली आहे ना, हे पाहण्यात जवळजवळ सगळा रोल भिंतीवरच संपवला. तेवढ्यात वामन आला. “काका, टेन्शन नका घेऊ. उद्यापासून भिंतच नाय,” तो म्हणाला आणि ओट्याच्या खांबाला टेकून उभा राहिला.

गोटीराम धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ आवळलेले, नजर थेट पुढे. काचेमागे बसवून टाकल्यासारखे. मी कडी फिरवली, दोनाचे एक केले, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आणखी एकदा. रोलचा एकच फोटो उरला.

“भाऊ,” गोजराबाई जरा भीतभीतच म्हणाल्या, “त्या डोल्यावरचं झाकन काडत नाय का?”

खाडीवरची खारी धूळ बसू नये म्हणून मी लेन्सवर नेहमी झाकण ठेवतो. भिंत झाल्यावर लावलेलं ते तसंच होतं. खिडकी वेगळी असल्यामुळे मला सगळं लख्ख दिसत होतं आणि फिल्मवर नुसता अंधार पडत होता.

गोटीरामांना ते कळायला थोडा वेळ लागला. “म्हंजे मी मगासपासून आंदल्याफुडं बसलोय!” असं म्हणून ते जे हसायला लागले, ते थांबेचनात. टोपी घरंगळली. डोळ्यांतून पाणी आलं. वामनही ओट्याचा खांब धरून हसू लागला.

झाकण काढून मी खिडकीला डोळा लावला. आत दोन गोटीराम गदगदत होते. एकमेकांवर येऊन बसायला तयार नव्हते. मी कडी मागेपुढे फिरवत राहिलो.

“दाबा आता!” गोजराबाई ओरडल्या. “नायतर परत मेल्यावानी बसतील!”

मी दाबलं.

घरी न्हाणीघराला काळं कापड लावून फोटो धुतला. रसायनाच्या पाण्यात हळूहळू गोटीराम उमटले, पण अस्पष्ट. फोकस त्यांच्या हातभर अलीकडे, ओट्याच्या कडेवर पडला होता. लेन्सचा दोष नव्हता. वैजयंती मागून डोकावली. “आपल्या घरातलं पहिलं माणूस,” ती म्हणाली. “द्या नेऊन.”

दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो, तेव्हा घराच्या जागी विटांची रास होती आणि शेजारी पत्र्याची खोली. मी पाकीट पुढे केलं. “चेहरा जरा... माझं चुकलं,” एवढंच बोललो.

गोटीरामांनी फोटो दूर धरून पाहिला. “दात दिसतान माजं,” असं म्हणत त्यांनी तो बायकोकडे दिला. आवडला की नाही, कळलं नाही.

गोजराबाई फोटो घेऊन दाराच्या उजेडात गेल्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर खाली आली आणि तिथेच थांबली. ओट्याच्या कडेवर शेणाच्या सारवणातले बोटांचे फराटे एकेक करून उमटले होते. चार बोटांची अर्धगोल वळणं, एकाला लागून दुसरं. दुसऱ्या दिवशी पाडायचा ओटा त्यांनी त्या सकाळी सारवला होता. मी समोर उभा होतो, मला दिसलं नव्हतं.

“यी माजी बोटां,” त्या म्हणाल्या.

“आनि मी?” गोटीरामांनी आतून विचारलं.

“तुमी हायव की हितं.”

त्यांनी पदराला हात पुसला. मग फोटोतल्या एका वळणावर बोट ठेवलं आणि जसं सारवलं होतं, तसं ते हलकेच डावीकडून उजवीकडे नेलं.