मेसच्या दाराशी ठेवलेला तेलाचा डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा जुना डबा आहे. पंधरा किलो गोडेतेल मावतं, तसला चौकोनी. माझी भावंडं तुमच्याही घरी येऊन गेली असतील आणि तेल संपल्यावर भंगारात गेली असतील. मी तेवढा वाचलो.

किल्लारीकडे भूकंप झाला, त्या वर्षी मदतीच्या ट्रकमधून मी एका गावाबाहेर उतरलो. पत्र्याच्या शेडपुढे रांग लागली होती. वाटप करणारा माणूस चांगल्या मनाचा होता. प्रत्येकाला विचारत होता, "घरात खाणारी किती?" सरजाबाईची पाळी आली. आठवड्यापूर्वीपर्यंत तिच्या घरी पंगत बसायची. आता ती आणि कडेवरची लेक रेणुका, एवढ्याच उरल्या होत्या. बाईच्या तोंडून आकडा निघेना. शेवटी मागच्या बाईनं सांगितलं, तेव्हा मी तिच्या हाती आलो. त्या दिवसापासून सरजाबाईनं कुणाही जेवणाऱ्याला "किती?" म्हणून विचारलं नाही.

तेल संपलं. ती मला मोडीत घालायला लातूरकडच्या मुरुडच्या बाजारात घेऊन गेली. तिथं पत्र्याचं काम करणारे अजीजभाई बसत. त्यांनी मला बोटानं टणटण वाजवून पाहिलं.

"याला कशाला मोडता बाई? याची लई जिंदगानी बाकी हाय."

त्यांनी माझं तोंड कापलं, हाताला लागू नये म्हणून कडा आत दुमडल्या, बिजागरीचं झाकण बसवलं आणि वर कडी लावली. माझ्या पोटावर सूर्यफूल छापलेलं होतं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. मी ज्वारीच्या पिठाचा डबा झालो. शेजारणी सरजाबाईला विचारायच्या, "कुठून केलास गं एवढा झ्याक?" आणि मी उगाच ताठ उभा राहायचो.

रेणुकाचं लग्न झालं, मी तिच्यासोबत लातूरला आलो. तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि घराघरावर खोल्या चढत होत्या. मुखेड, किनवट, कुठून कुठून पोरं-पोरी डॉक्टर व्हायला येत. नवरा गेल्यावर रेणुकानं भाड्याच्या दोन खोल्यांत मेस काढली; पोरं जेवण रूमवर घेऊन जायची. आईलाही बोलावून घेतलं. मेसवर दोघींचं पोट होतं.

पुढं माझा तळ गंजला. पिठासाठी प्लास्टिकचं पिंप आलं आणि मी मागच्या अंगणात गेलो. मला लागलं थोडं. पण डब्याला कोण विचारतो?

एक दिवस घरमालक गुरुबसप्पा तणतणत आले.

"रेणुका, ही मेस हाय का कुत्र्यांची जत्रा? पोरं उरलेलं पिशवीत बांधून फेकायलीत. घंटागाडीवाला कचरा घेईना, शेजारी माझ्या जिवावर उठलेत. महिनाभरात हे थांबलं न्हाई तर दुसरी जागा बघ, बाई."

रेणुकाचा चेहरा उतरला. एवढी चूल आणि एवढी गिऱ्हाइकं घेऊन ती जाणार कुठं? तिनं त्याच दिवशी वरणाच्या प्लास्टिक पिशव्या बंद केल्या. ज्याचा त्याचा स्टीलचा डबा सुरू केला. मला घासून दाराशी मांडलं आणि पोरांना बजावलं, "उरलेलं यात टाकायचं. पिशवी दिसली तर जेवण बंद."

पिशव्या थांबल्या, उरणं थांबलं नाही. माझ्यात भाकरीवर भाकरी पडू लागली. ज्या ज्वारीचं पीठ मी वर्षानुवर्षं सांभाळलं, तीच ज्वारी थापून, भाजून, तोंड न लागता माझ्याकडे परत यायची. एक गवळी चार दिवस घेऊन गेला. पाचव्या दिवशी म्हणाला, "मावशी, तुमच्या तिखट वरणानं म्हशीला ठसका लागायलाय." तोही बंद झाला. महिना निम्मा सरला.

रेणुका आईला म्हणाली, "आई, पोरांना विचारून वाढू या का?"

"मोजून?" सरजाबाई कडाडली. "खाणाऱ्याला किती म्हणून इचारायचं न्हाई. आपल्याला जमत न्हाई ते."

रेणुकानं तो विषय तिथंच सोडला. त्या रांगेत ती आईच्या कडेवर होती ना.

दुसऱ्या दिवशी मुखेडची आलिया आली. तिनं झाकण उघडलं आणि घडी न मोडलेल्या भाकरी माझ्यात सोडल्या. सरजाबाई दारातच बसली होती.

"अगं ए, अन्न टाकायलीस व्हय? हात कसा धजला?"

आलिया आधी घाबरली, मग तिचे डोळे भरून आले.

"आज्जी, मला दीडच लागते. तुम्ही रोज तीन देता. रूमवर ठेवलं की उंदीर येतात. मग काय करू?"

"मग सांगायला तोंड न्हाई का तुला?"

"कुणी विचारलंच नाही. घरी अम्मी चुलीपुढून रोज ओरडायची, 'आलिया, किती टाकू गं?' इथं आल्यापासून सगळे एकच विचारतात, मार्क किती पडले."

 सरजाबाईनं वाकून माझ्यातली वरची भाकरी उचलली, झटकली. ती भाकरी कुस्करून तिनं अंगणात चिमण्यांना टाकली. आलिया निघाली तशी तिनं हाक मारली. 

"पोरी, उद्या... किती करू?"

"दीड. पण आज्जी, रविवारी टेस्ट झाली की तीन हं!"

"बरं बाई. टेस्टला भूक लागती व्हय तुझ्या!"

मग ती रोज दारात बसून विचारू लागली. पहिले काही दिवस शब्द अडखळला, नंतर सुटला. कुणी दोन म्हणायचा, कुणी "आज फक्त भात." किनवटचा एक पोरगा मात्र मान खाली घालून पुटपुटला, "आज्जी, मला पाच लागतात." वर्षभर तीनवर अर्धपोटी अभ्यास करत होता बिचारा! पीठ तेवढंच लागायचं, पण आता ते पोटात जायचं.

महिना संपला. गुरुबसप्पा आले, नाकाला रुमाल लावूनच. त्यांनी काठीनं माझं झाकण उचललं. आत कांद्याची सालं, मेथीच्या काड्या आणि वर खतासाठी घातलेला वाळला पालापाचोळा. त्यांनी रुमाल खाली घेतला.

"राहा बाई," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आमच्या सूनबाईला पाठवतो तुझ्याकडं. आमच्याकडं पण लई उरायलंय."

रेणुका आत गेली आणि शेगडीपुढं बसून पदरानं डोळे पुसू लागली. सरजाबाई म्हणाली, "धूर लई झाला का गं?" गॅसला कुठला आलाय धूर!

मित्रांनो, माझा तळ आता चाळणीसारखा झाला आहे. फार दिवस राहिले नसतील. मला जपा, असं मी म्हणत नाही. माझ्यात काय येऊन पडतं, तेवढं बघा. वस्तू मोडीत घालण्याआधी एकदा बोटानं वाजवून बघा. आणि आज स्वयंपाकघरातून कुणी विचारलं, "किती खाणार?" तर मोबाईलमधून मान वर काढा आणि नीट उत्तर द्या. तो प्रश्न विचारायला कुणाकुणाला किती बळ लागतं, ते तुम्हाला ठाऊक नसतं.