जिथे वाजवता येईल तिथे

मित्रांनो, माझ्या अंगावर एक मोठा पोचा आहे आणि माझा तिसरा खटका दाबला की कुरकुरतो. उतारवयात माणसांचे गुडघे कुरकुरतात ना, अगदी तसा. मी एक म्हातारा ट्रंपेट आहे.

एका बोळातल्या छोट्या कारखान्यात, पितळेच्या पत्र्यातून माझा जन्म झाला. कारागिराने मला लाकडी ठोकळ्यावर घेऊन इतकं ठोकलं, की या माणसाचं माझ्याशी काही जुनं वैर असावं असं मला वाटलं. मग एके दिवशी त्याने मला मऊ फडक्याने पुसलं, ओठांना लावलं आणि फुंकलं. माझा पहिला सूर ऐकून तो स्वतःशीच हसला. माझा सगळा राग तिथेच गेला.

तिथून मी अग्निशमन दलाच्या बँडमध्ये आलो, मास्तरांच्या हातात. मास्तर म्हणजे त्या बँडचे प्रमुख. रविवारी संध्याकाळी आम्ही बागेत वाजवायचो. लोक आइस्क्रीम खायचं विसरून ऐकत राहायचे आणि ते वितळून त्यांच्या बाह्यांवर ओघळायचं. याहून मोठी दाद मला आजवर मिळालेली नाही. माझा पोचाही त्याच काळातला. एका कार्यक्रमात ढोलवाला भावनेच्या भरात मागे सरकला आणि मी ओट्यावरून खाली गेलो. मास्तर त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

पुढे बँड बंद झाला. मास्तर निवृत्त झाले आणि मी पेटीत बंद होऊन कपाटावर गेलो. पेटीवर आधी जुन्या रजया आल्या, मग पाहुण्यांची गादी. खाली मास्तर आणि त्यांच्या पत्नी मास्तरीणबाई यांचं बोलणं ऐकू यायचं, भांडी वाजायची. माझं नाव मात्र कुणी काढत नसे. अंधारात माझ्या पितळेवर हिरवट डाग चढत गेले.

मला खाली काढलं ते मास्तरांच्या आजारपणाने. त्यांना न्यूमोनिया झाला. त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात परिचारिका. ती येऊन पोहोचेपर्यंत मास्तरीणबाईंनी एकटीने सगळं निभावलं. मास्तर वाचले, पण त्यांचा दम गेला. डॉक्टर म्हणाले, "काहीही फुंका, पण रोज फुंका. छातीला काम द्या."

मास्तरीणबाईंनी स्टुलावर चढून गादी ओढली, रजया ओढल्या आणि मला खाली आणलं. राख आणि लिंबू घेऊन त्यांनी मला घासलं. इतकं, की मला तो कारागीर आठवला.

त्याच आठवड्यात, परत कामावर गेलेल्या लेकीचा फोन आला. "बाबा, आता इकडेच या. माझ्या घरात अडचण वाटत असेल तर जवळपास वेगळं घर बघू. पण या."

"तिथे मला कुत्रंही ओळखत नाही," मास्तर म्हणाले.

फोन ठेवल्यावर मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "इथे तरी ओळखणारे किती उरलेत? तुम्ही तापाने फणफणला होतात, तेव्हा मी जिन्यात उभी होते. कुणाचं दार वाजवावं तेच कळेना. सगळ्या दारांना कुलपं."

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता मास्तरांनी जाहीर केलं, "ठीक आहे, जाऊ. पण माझी एक अट आहे. जिथे हा रोज वाजवता येईल, तिथेच मी राहणार."

"मान्य," मास्तरीणबाई लगेच म्हणाल्या.

मित्रांनो, उभा जन्म मी मास्तरांच्या ओठांशी काढला आहे. त्यांच्या मनातलं मला इतरांआधी कळतं. ती अट नव्हती, पळवाट होती. मोठ्या शहरात ट्रंपेट कोण सहन करणार! चार घरं पाहायची, चार ठिकाणी शिव्या खायच्या आणि परत आपल्या घरी यायचं, असा त्यांचा बेत होता.

मग आम्ही लेकीच्या शहरात घरं पाहायला निघालो. मास्तर, मास्तरीणबाई, लेक, घरांचा दलाल आणि पेटीत मी.

पहिलं घर एका उंच, चकाचक इमारतीत होतं. लिफ्टमध्ये चारी बाजूंना आरसे. मास्तर गॅलरीत उभे राहिले. माझ्यातून दोन सूर निघाले असतील, तोच भिंतीवरचा फोन वाजला. खालून चौकीदार अदबीने विचारत होता, "साहेब, नळात हवा अडकलीय का? माणूस पाठवू?"

मास्तरांनी मला पेटीत ठेवलं. रागावल्याचं सोंग त्यांनी छान वठवलं, पण त्यांची बोटं खूश होती.

दुसरं घर लेकीच्या घराजवळ, झाडांच्या रस्त्यावर. तिथे कुणी तक्रार केली नाही. फक्त शेजारची एक तरुण आई दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "आजोबा, बाळ आत्ताच झोपलं होतं हो," एवढंच म्हणाली. आतून रडण्याचा आवाज आला. मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलं, पोरी," ते म्हणाले, आणि त्यांनी मला हळूच पेटीत ठेवलं.

तिसरं घर बाजारपेठेत. तिथे मास्तरांनी अख्खी धून वाजवली, पण खाली एक माणूस मान वर करेल तर शपथ! हातगाड्या, हॉर्न, कुलपं दुरुस्त करणाऱ्याची हातोडी, या गदारोळात मी कुठल्या कुठे बुडालो. दलाल खूश झाला. "बघा, कुणालाच त्रास नाही!"

"शिव्या तरी द्यायच्या," मास्तर पुटपुटले. त्यांना लागलं होतं.

चौथ्या घराला लिफ्ट नव्हती. तीन जिने चढताना मास्तर दोनदा थांबले. खिडकीखाली अरुंद गल्ली आणि समोर इतकी जवळ दुसरी इमारत, की तिथल्या दोरीवरचे मोजे मोजता यावेत. मास्तरीणबाई स्वयंपाकघरात नळ सोडून बघत होत्या. मास्तरांनी मला ओठांना लावलं. त्यांची आवडती धून होती, संथ, शेवटी वर चढत जाणारी. पण जिन्यांनी दम काढला होता. चढणीवरच श्वास संपला आणि सूर अधांतरी तुटला.

समोरची खिडकी धाडकन उघडली. गळ्यात मोजपट्टी अडकवलेल्या, शिवणकाम करणाऱ्या एक काकू बाहेर वाकल्या.

"अहो, हे काय? अर्धवट का सोडलंत?"

"दम पुरत नाही हो," मास्तर ओशाळून म्हणाले.

"मग घ्या की दम! कुठे गाडी चुकतेय? पण पुरं करा. घास घशात अडकल्यासारखं झालंय मला."

मास्तर गजाला टेकून उभे राहिले. श्वास खाली बसू दिला. मग त्यांनी ती चढण पुन्हा धरली, हळूहळू, आणि मला शेवटच्या सुरापर्यंत नेलं. इतकं जपून त्यांनी मला पूर्वी कधी वाजवलं नव्हतं.

"हां! आता बरं वाटलं," काकू म्हणाल्या. "रोज वाजवणार का? मग बातम्या संपल्यावर वाजवत जा. आमचे हे बस चालवतात, दमून येतात, त्यांना बातम्या लागतात." आणि खिडकी बंद.

मास्तर वळले. मागे मास्तरीणबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"नळाला पाणी चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

"मला भीती वाटते गं इथे यायची."

"ठाऊक आहे. म्हणून तर अट लगेच मान्य केली. मला तरी कुठे धीर आहे? दोघं मिळून घाबरू."

आणि आम्ही तिथे राहायला आलो.

वर्ष सरत आलं असताना एका दुपारी मास्तरांना एकाएकी धाप लागली. श्वास आत जाईना, बोलता येईना. मास्तरीणबाईंनी लेकीला फोन लावला. ती ओरडली, "आई, मी दवाखान्याची गाडी पाठवते. कुणाला तरी बोलाव, बाबांना खाली आणा!" मास्तरीणबाईंनी खिडकीतून हाका मारल्या. पण त्यांचा आवाज मुळात बारीक आणि त्यात खाली रस्ता खोदायचं यंत्र धडधडत होतं. गुडघे असे, की तीन जिने उतरून वर यायला वेळ लागला असता.

त्यांची नजर माझ्यावर पडली.

त्यांनी मला कितीदा तरी पुसलं होतं, पण फुंकलं कधीच नव्हतं. गाल फुगवून, डोळे मिटून, खिडकीबाहेर तोंड करून त्यांनी सारा जीव माझ्यात ओतला. काय सांगू मित्रांनो! रेड्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. एकदा, दोनदा, तीनदा. रविवारी बागेत मला ऐकलेल्यांनी कानांवर हात ठेवले असते.

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"मास्तर असं वाजवत नाहीत," काकू ओरडल्या. "अहो, उठा, पळा!" त्यांचे ड्रायव्हर यजमान एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरीच चप्पल घालून तीन जिने चढून आले. मागून वरच्या मजल्यावरचा सुतार आला. खुर्चीत बसवून दोघांनी मास्तरांना अलगद खाली नेलं. गाडी तोवर गल्लीच्या तोंडाशी आली होती.

पुढचं मला नंतर समजलं, ते घरी आल्यावर दोघं बोलत होते त्यातून. दवाखान्यात जरा हुशारी आल्यावर मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "माझा ट्रंपेट कुणी वाजवला?"

"मी," मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या.

"सूर लागला का?"

"सूर नाही लागला. माणसं आली."

आता मास्तर मला थोडंच वाजवतात, खुर्चीत बसून, बातम्या संपल्यावर. धाप लागली की थांबतात आणि समोरच्या काकू शिवणयंत्रावरचा पाय थांबवून पुढच्या सुराची वाट बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं वाद्य कपाटावर पडलं असेल, तर आजच खाली काढा. पुसा, खटक्यांना दोन थेंब तेल द्या आणि बेसूर का होईना, वाजवा. वापराने आम्ही झिजतो, हे खरं. पण अंधारात त्याहून लवकर संपतो. आणि तुमच्या समोरच्या घरात कुणी नवं माणूस सामान उतरवत असेल, तर खिडकी उघडून त्याच्याशी चार शब्द बोला. अगदी भांडलात तरी चालेल, पण खिडकी उघडा.