आईपेक्षा जास्त

ढाणकीजवळच्या तांड्यावर राहणाऱ्या पूनमसिंगचं लग्न कळंबच्या उर्वशीशी ठरलं होतं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. म्हणून तिच्या वाढदिवसाला त्यानं मोबाईलवर मुद्दाम इंग्रजीत स्टेटस ठेवलं : ‘आय लव्ह यू मोअर दॅन माय मदर.’

त्याच्या बहिणीनं, शीलानं, ते आईला मराठीत सांगितलं. "याडी, दादाले तुह्यापेक्षा वहिनी जास्त आवडते म्हणे."

दुसऱ्या दिवशी पूनमसिंगनं चहा मागितला, तर त्याची आई हंसाबाई म्हणाली, "कळंबहून मागव."

रविवारी उर्वशी लग्नाचा शालू घ्यायला ढाणकीला आली. दुकानातल्या गादीवर टेकताच हंसाबाईनं विषय काढला. "पोरी, तू मास्तरीण. शीला सांगते तेच लिवलं काय यानं?"

उर्वशीला हसू आवरेना. पण पूनमसिंगचा चेहरा पाहून तिला कीव आली. "आई, त्या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक शीलानं सांगितला तो. दुसरा असा, की तुमचा माह्यावर जेवढा जीव हाये, त्याहून यांचा जास्त हाये."

"हां! माह्या मनात तेच होतं," पूनमसिंग घाईघाईनं म्हणाला.

"मंग तर साफ खोटं!" हंसाबाई उसळली. "पोरगी पाहाले गेलतो, तवा तू मान खाली घालून पोहे खाऊन राह्यलता. पसंत मीनं केली. तुहा जीव जास्त कसा?"

"मॅडम, आता तुम्हीच सांगा, कसं लिहू?" पूनमसिंगनं हात जोडले.

"आईंपेक्षा मी जास्त आवडत असीन, तर ‘दॅन आय लव्ह माय मदर’. आईंपेक्षा तुम्ही मले जास्त जीव लावत असान, तर ‘दॅन माय मदर डज’. बोला, कोणतं?"

दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या. दुकानदारही शालूची घडी उलगडायचा थांबला. पूनमसिंगनं बराच विचार करून टाईप केलं : ‘आय लव्ह यू ॲज मच ॲज माय मदर.’

"घ्या, सारखं करून टाकलं. कोणीच जास्त नाही."

उर्वशीनं वाचलं. "याचेही दोनच अर्थ होतात."

पूनमसिंगनं मुकाट्यानं स्टेटस पुसून टाकलं. तेव्हा कुठं हंसाबाई खळखळून हसली. तिनं डाळिंबी शालू ओढून उर्वशीच्या खांद्यावर टाकला. दोघींना तोच पसंत पडला.

पूनमसिंगला शेजारचा हिरवा आवडला होता. पण त्यानं तोंड उघडलं नाही.