रुमाल टाकून धरलेली खुर्ची

शुभांगीअक्का काही केल्या घराबाहेर पडेनात, म्हणून सुलभाबाईंनी शेवटी सिनेमाचा घाट घातला.

दोघी जावा. कानडी मुलखात, केशवापुरातल्या एकाच घरात पन्नास वर्षं काढलेल्या. आठ महिन्यांपूर्वी अक्कांचे यजमान, विठ्ठलअण्णा गेले आणि अक्कांनी उंबरा ओलांडायचं सोडलं. बाजार नाही, देऊळ नाही. एके काळी हीच बाई कापडदुकानाच्या सुट्टीला, दर गुरुवारी, नवऱ्याबरोबर दुपारच्या खेळाला जायची. सुलभाबाईंना ते लख्ख आठवत होतं. तेव्हा तिकिटावर नंबर नसायचे. दार उघडलं की अण्णा पायजमा सावरत आत धावायचे आणि पंख्याखालच्या दोन खुर्च्यांवर चौकड्यांचा रुमाल टाकायचे. रुमाल पडला की जागा आपली. मग अक्का सावकाश, राणीसारख्या आत शिरायच्या.

नातीनं, वेदश्रीनं, गुरुवारची दोन तिकिटं फोनवर काढून दिली. अक्का नको म्हणाल्या नाहीत, पण एकेक शंका काढू लागल्या.

"जिने किती आहेत, विचार बघू."

सुलभाबाईंनी थेटरात फोन लावला. पलीकडे सोनाली नावाची मुलगी होती.

"लिफ्ट आहे, अज्जी."

"आत फार गार असतं म्हणे?"

"शाल आणा की."

"आणि मधेच उठावं लागलं तर?"

"तुमची एक खुर्ची अगदी कडेची आहे. खुशाल उठा."

"भडंग आणलं तर चालतंय?"

"बाहेरचं खायला चालत नाही, अज्जी. इथं पॉपकॉर्न मिळतं."

"अगं, बाहेरचं कुठलं? घरात केलेलं आहे!"

सोनाली खळखळून हसली. पलंगावर बसलेल्या अक्कांच्याही ओठांची कड हलली. सुलभाबाईंनी ते टिपलं.

"मला नकोसं झालं तर मध्यंतरात उठून घरी यायचं," अक्कांनी शेवटची अट घातली. "मग थांबा-बिंबा म्हणायचं नाही. कबूल?"

"कबूल."

गुरुवारी रिक्षातून दोघी तासभर आधीच पोचल्या. आत सोडल्यावर सुलभाबाई म्हणाल्या, "अक्का, कडेला बसा. उठायला सोपं."

"तूच बस कडेला." अक्का आतल्या खुर्चीवर बसल्या. मग पिशवीत हात घालून त्यांनी चौकड्यांचा रुमाल काढला, घडी उलगडली आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर टाकला. हात आपोआप चालल्यासारखा.

खुर्च्यांना आता नंबर असतात, रुमालाला कोण विचारतंय, हे सांगायला सुलभाबाईंची जीभ रेटेना. त्या खुर्चीचं तिकीट कुणी काढलंच नसेल तर बरं, एवढंच त्या मनात म्हणत राहिल्या.

पण जाहिराती सुरू व्हायच्या आत एक बाई तिकीट बघत आलीच. कानडीतून म्हणाली, ही माझी जागा, कुणी बसलंय का?

अक्का क्षणभर रुमालाकडे बघत राहिल्या. सुलभाबाईंनी पिशवीचे बंद घट्ट धरले. आता उठतील.

"कुणी नाही, बसा," अक्काही कानडीतच म्हणाल्या आणि रुमाल उचलला. "आमच्या मालकांची सवय होती. धावत येऊन जागा धरायचे."

"माझे अप्पासुद्धा!" ती बाई टेकत म्हणाली. "ते तर टोपी टाकायचे. एकदा कुणीतरी टोपीवरच बसलं."

"मग काय केलं त्यांनी?"

"चपट्या टोपीनंच तिथून एका लग्नाला गेले."

अक्कांना हसू आवरेना. त्याच रुमालानं त्यांनी डोळे पुसले. अंधार झाला.

सिनेमात काय चाललंय याकडे सुलभाबाईंचं निम्मंच लक्ष होतं. मध्यंतराचे दिवे लागले आणि अक्का उठून उभ्या राहिल्या. सुलभाबाईंनी मुकाट्यानं शाल गोळा केली. कबूल केलं होतं ना.

"तू कुठं निघालीस?" अक्का म्हणाल्या.

"घरी जायचं ना?"

"हीरोची आई अजून सापडली नाही, आणि घरी कसलं जातेस?"

त्यांनी रुमाल झटकला आणि आपल्याच खुर्चीवर टाकला.

"राखून ठेव. ते पॉपकॉर्न कसलं असतंय, बघून येते."

आणि साडी सावरत, वाट विचारत, त्या एकट्याच पायऱ्या उतरू लागल्या.