विहिणींच्या ताटातला पास्ता

आक्काच्या जिभेला हाड नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते महागात पडलं तिच्या धाकट्या लेकीला. मागचं जमत आलेलं स्थळ चहावर मोडलं. मुलाच्या आईनं हौसेनं विचारलं, चहा कसा झालाय? आक्कानं दोन घोट घेतले, कप खाली ठेवला आणि सांगितलं, गरम आहे. झालं!

म्हणून या खेपेला धाकटीनं आईला आधीच बजावलं. हा मुलगा तिनं स्वतः निवडलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा, हसरा. त्याची आई मोठ्या दवाखान्यात मेट्रन, बाई कडक. हेही मोडलं तर मी जन्मभर लग्न करणार नाही, असं धाकटी म्हणाली, आणि तेही आवाज न चढवता. तेव्हा कुठे आक्का घाबरली. तोंड उघडायचं ते फक्त घास घालायला, असं तिनं कबूल केलं.

भेट ठरली इटालियन हॉटेलात. दिवे इतके मंद की वाढलेलं दिसू नये. असं का, ते पास्त्याचं भांडं आल्यावर कळलं. आक्काचा धंदा गाद्या-उशा भरायचा. भिजून गोळा झालेला कापूस तिनं आयुष्यभर फेकून दिला होता, तोच आज कुणीतरी पांढऱ्या रश्शात कालवून पुढे ठेवला होता. वेटर त्याचं नाव तोंडात घोळवून घोळवून सांगत होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पिझ्झ्यावर तर सुरीच वाकत होती.

आक्का गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. समोर मेट्रनबाई ताठ बसून मुकाट्यानं गिळत होत्या. यांना आवडलेलं दिसतंय, असं आक्काला वाटलं आणि तिच्या डोक्यात आलं, हे भांडं यांच्याच ताटात रिकामं केलं तर? तिनं डावभर पास्ता त्यांना वाढला. मेट्रनबाईंनी तोच डाव घेतला आणि आक्काला दुप्पट वाढला. तुम्ही काहीच घेतलं नाही, असं वर म्हणाल्या. मग आक्कानं वाढलं. मग त्यांनी. दोन्ही ताटांत ढीग झाले. आयांचा हा जिव्हाळा बघून मुलगा हरखला आणि त्यानं आणखी एक भांडं मागवलं.

मेट्रनबाईंनी चमचा खाली ठेवला.

"ताई, सरळच विचारते. आल्यापासून तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आमचं घर पसंत नाही का?"

धाकटीचा चेहरा उतरला. आक्कानं लेकीकडे बघितलं. बोलल्यानं मागचं मोडलं होतं, आता न बोलल्यानं हे मोडायला निघालं होतं.

"घर पसंत आहे. मुलगा तर फारच पसंत आहे," आक्का म्हणाली. "हा पांढरा चिखल पसंत नाही. पोरीनं तोंडाला कुलूप घातलंय, म्हणून गिळत होते."

 वेटर कुठे आहे ते बघून मेट्रनबाई टेबलावर पुढे वाकल्या.

"मला वाटलं, तुम्हाला आवडतंय. अहो, नाकात नळी घातलेल्या पेशंटलासुद्धा आम्ही यापेक्षा चवीचं देतो."

आक्काला आधी ठसका लागला, मग हसू आलं. मेट्रनबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा चढवला, आक्काकडे बघितलं, पुन्हा काढला. शेजारच्या टेबलावरचे वळून बघू लागले. तेवढ्यात दुसरं भांडं आलं आणि दोघींना नव्यानं उबळ आली. तुम्ही निवडलंत, तुम्हीच निस्तरा, असं पोरांना सांगून दोघी उठल्या त्या थेट रस्त्यावर.

कोपऱ्यावर गाडीवाला कणसं भाजत होता. दोघी पायरीवर टेकल्या, ठेवणीतल्या कपड्यांनिशी. तारखेवरून त्यांचं एकमत झालं. पाहुणे किती बोलवायचे यावरून भांडण झालं, चांगलं कडकडून, आणि ते करताना आक्काला इतकं बरं वाटत होतं की आणखी एक कणीस मागवावं लागलं.

धाकटी धापा टाकत बाहेर आली. भांडणाचा आवाज आत पोचला होता. काय झालं, मोडलं का, असं तिनं विचारलं. आक्काचं तोंड दाण्यांनी भरलेलं, म्हणून उत्तर मेट्रनबाईंनी दिलं.

"मोडतंय कशाचं? सरक जरा, उजेड अडवू नकोस. तुझी आई आता माझी विहीण आहे, आम्हाला भांडू दे."