आईच्या लेन्सचा मागचा काठ

अरे, घुबडाचं सांगायचं राहिलंच! घुबड म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासतो ना, वरच्या मजल्यावर एकटाच राहतो, तो. नाव त्याच्या ताईनंच पाडलेलं. दिवसा पेंगायचं आणि अंधार पडला की गच्ची गाठायची, मग दुसरं काय म्हणणार?

त्याला आकाशाचे फोटो काढायचं वेड. कॅमेरा खास ताऱ्यांचा, पण त्याला रंग म्हणून कळत नाहीत, सगळं करडं. मग लाल, हिरवी, निळी अशी एकेक काच पुढे लावायची, तीन वेगळे फोटो काढायचे आणि एकावर एक रचायचे, की आले रंग! काचा बदलायचं काम ताईचं. हा कॉम्प्युटरला डोळे लावून बसायचा आणि ती शेजारी अखंड बडबडत काचा बदलायची. पुढे ताई लग्न करून लांब गेली. ह्यानं काय केलं, फिल्टर व्हील मागवलं. चपटा डबा, आत चकती, चकतीत काचा, आपोआप फिरते. ताईच्या जागी डबा, बोला!

समोर लावायला आईची जुनी लेन्स होती. आई गेल्यावर वाटणी काय झाली, तर आईच्या जुन्या कॅमेऱ्याची बॉडी ताईकडे आणि लेन्स ह्याच्याकडे. म्हणजे दोघं भेटतील तेव्हाच फोटो निघणार!

आता घोळ बघा. ती लेन्स कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यापासून ठरावीक अंतरावरच बसायला हवी, आणि दोघांच्या मध्ये घुसलेल्या ह्या डब्यानं ती जागाच खाल्ली. घुबड फोकसची रिंग फिरवतोय, फिरवतोय, रिंग शेवटाला टेकली, तरी तारे आपले शर्टाच्या बटणाएवढे!

दुसऱ्या दिवशी तो लेथवाल्याकडे गेला. लेथवाल्यानं लेन्स उलटी करून पाहिली.

"हा मागचा काठ उडवावा लागेल. मग तिथेच आटे पाडतो, डब्यात खोल बसेल."

"आणि जुन्या कॅमेऱ्यावर?"

"ते विसरा. नखं कापून परत चिकटवता का?"

"थांबा, विचारून सांगतो."

"कुणाला? लेन्सला?"

घुबडानं तिथेच ताईला फोन लावला. ती 'कापू नकोस' म्हणाली असती ना, तर तो डबाच परत करणार होता. खरंच! 'मी येते' वगैरे सोडा, नुसतं 'कापू नकोस' ऐकायचं होतं त्याला.

"बोल घुबडा, पटकन बोल, पोरगी बाथरूममध्ये पाणी उडवतेय."

त्यानं सगळं सांगितलं.

"मग काप की! त्यात विचारायचं काय?"

"अगं, मग तुझ्याकडच्या बॉडीवर ती कधीच बसणार नाही."

पलीकडे तिनं नळ बंद केला.

"ताई?"

"अरे, ती बॉडी... आम्ही घर बदललं ना, तेव्हा शेजारच्या मुलाला शाळेच्या नाटकात कॅमेरा हवा होता. दिला. त्यानं काही परत आणला नाही, आणि मीही मागितला नाही. तुला सांगायचं राहूनच गेलं रे. रागावलास?"

"छे गं. बंदच तर होती."

"बंद कुठे होती," ताई हळूच म्हणाली. मग एकदम, "ए, ए, टॉवेल घे! ठेवते रे. फोटो पाठव हं!"

घुबडानं फोन खिशात टाकला आणि लेथवाल्याकडे बघून मान हलवली. लेन्स गरगरायला लागली. काठाचा चकचकीत कीस त्याच्या चपलांवर पडत होता. पाय मागे घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

अंधार पडल्यावर त्यानं गच्चीत सगळं जोडलं. आणि काय सांगू, तारे टाचणीच्या टोकासारखे! पार कोपऱ्यातलेसुद्धा! लाल झाला की हिरवा, हिरवा झाला की निळा, डबा बिनबोभाट फिरतोय, आणि खालच्या खोलीत बसूनही सगळं स्क्रीनवर दिसतंय. ह्याला काही करायलाच उरलं नाही. खाली येऊन त्यानं एकुलती एक ताटली धुतली. वर गेला, सगळं ठीक. खाली आला, धुतलेली ताटली परत पुसली. शेवटी खुर्ची उचलून वर नेली आणि स्वेटर घालून बसला तिथेच. काम काहीच नव्हतं, पण खाली तरी कोण होतं?

चकती फिरली, थांबली.

"छान," तो म्हणाला.

उगाचच, जरा मोठ्यानं.